भिंतीकडची खाट

ताईस, तुझ्या तापट धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुमसतायत का? त्यांना सांग, पोरगा तुरुंगात आहे, पण कारकून म्हणून! शिक्षा भोगणाऱ्या माजी सैनिकांचे पेन्शनचे आणि उपचाराचे अर्ज भरतो.

परवा तोफखान्यातल्या एका आजोबांना उपचार केंद्रात पाठवायचं होतं. त्यांना वर्षानुवर्षं झोप नाही. सहीचा शेवटचा दिवस होता, आणि ते अडून बसले.

"आधी त्याचा अर्ज भर," म्हणत त्यांनी कोठडीतल्या भिंतीकडच्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं. त्यांचा तोफेवरचा जोडीदार लढाईत गेला, त्याला तीस वर्षं झाली. तरी ते रोज ती खाट झटकतात, पांघरूण घालतात.

माझं डोकं तुला माहीतच आहे. "इथे कुणी नाहीये, आजोबा!" असं ओरडून मी त्या खाटेवर धपकन बसलो.

ताई, खाट उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"सरकून बस, पोरा," आजोबा म्हणाले. "त्याचा पाय दुखावलाय."

मी सरकलो. जोडीदाराच्या नावाचा अर्ज भरला, तेव्हा त्यांनी सही केली. काल ते गाडीत चढल्यावर शिपाई दार लावू लागला, तर मीच म्हणालो, "जरा थांब, अजून एक जण चढतोय."

तुझ्या मैत्रिणीने मला नकार दिला, तरी खानावळीत मी समोरची खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवतो. हसू नकोस. आज त्या खुर्चीला हात लावला, तर ती उबदार लागली.

तुझी मैत्रीण सुखरूप आहे ना? आजच्या आज कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा