एक पूर्णांक तीन आणि तुझ्याकडचा अर्धा मार्क

आई, आज नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या घरावरून दिवसभरात एकही विमान गेलं नाही. विमानतळ शेजारीच, एरवी विमानासाठी बोलणं मध्येच थांबवावं लागतं. लॉकडाऊनमध्ये आभाळ इतकं गप्प झालंय की तुझ्या तांबड्या पेन्सिलीची खरखर ऐकू येते. गॅसवर कुकर, मांडीवर वर्गाच्या पेपरांचा गठ्ठा, आणि तू.

तुझी नात इथल्या विद्यापीठात शिकते. एक सत्र जर्मनीला जाऊन करायचं होतं, ते आता वरच्या खोलीत लॅपटॉपवरच झालं. आज तिचा निकाल लागला. जाता जाता मला स्क्रीनवर दिसलं : १.३. इथे दहापैकी गुण देतात, साडेपाचला पास. मी खाली येऊन शिरा केला, बशी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "असू दे. परीक्षा पुन्हा देता येते."

ती बघतच राहिली, मग हसत सुटली. "बाबा, तिकडे एक म्हणजे बेस्ट! चारच्या पुढे नापास. पण शिरा परत नेऊ नकोस हं."

मग मी सवयीनं एक्सेल उघडून एक पूर्णांक तीनचे इथले किती होतात ते काढायला बसलो. तिनं लॅपटॉप मिटला. क्रेडिट म्हणजे केलेल्या कामाचं माप, म्हणाली, ते इकडे तसंच येतं. गुणांचं तसं नाही. तिकडे तो गुण पास झालेल्यांपैकी किती जणांना मिळतो आणि इथे तेवढ्याच जणांना काय मिळतं, ते बघतात. इथे दहा तर जवळजवळ कुणालाच देत नाहीत. "नुसता आकडा काय बघतोस? तिथली पद्धत बघ ना."

तू आमच्या वर्गाला गणित शिकवायचीस. माझ्या प्रत्येक पेपरात अर्धा मार्क कमी. मी चूक शोधायचो, सापडायची नाही. एकदा तुझ्या मागे येऊन उभा राहतो. "आई, माझा अर्धा मार्क कुठे गेला?" तू तव्यावरची पोळी उलटतेस, मागे वळत नाहीस. "माझ्याकडे आहे. नीट ठेवलाय." मी तुला कधी पुरा पडलोच नाही, असं मला वाटत राहिलं. तू गेल्यावरही.

आता लिहिता लिहिता तुझी पद्धत आठवली. आधी चुकीला गोल, मग मार्क कापायचा. इतरांचे पेपर तांबड्या गोलांनी भरलेले असायचे. माझ्या त्या अर्ध्या मार्कापाशी गोल कधीच नव्हता. चूक नव्हतीच, आई. बाईंचा मुलगा म्हणून पैकीच्या पैकी दिले असं कुणी बोलू नये, एवढंच असणार.

शिऱ्याची बशी अजून टेबलावर आहे. तू समोर बसली आहेस, पदराला पीठ लागलंय, असं वाटतं. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. लिहायला बसलो तो अर्धा मार्क परत मागायलाच. आता नको. तुझ्याकडेच राहू दे.