पेन्यालबारच्या किल्ल्या

पेन्यालबार किल्ला,
संत योहानाच्या सणाचा आदला दिवस

चि. तोदा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं मेंढीचं पनीर पोचलं. निम्मं तुझ्या निरोप्यानेच वाटेत फस्त केलं असावं. मिशा पुसतच आत आला.

इथलं काही ठीक नाही. सरदार वेर्मुदो फौज घेऊन पायथ्याशी बसलाय. म्हणतो, राजाची आज्ञा आहे, किल्ला माझ्या ताब्यात दे. कापणीपुरता मी नदीपलीकडच्या इब्न सईदशी तह केला, तर मी, गुतिएरेने, किल्ला मुसलमानांना विकला असं यानेच दरबारात उठवलंय. तह केला नसता तर दोन्ही काठांचा गहू जळाला असता, हे त्याला कोण सांगणार?

किल्ला सांभाळायला घेताना मी राजाच्या हातांत हात देऊन शपथ वाहिलीय. परत द्यायचा तो राजाला, नाहीतर त्याच्या वतीने किल्ले ताब्यात घेणाऱ्या द्वारपालाला. तिसऱ्याला दिला की मी द्रोही. द्वारपाल आला तर हसत देईन. तोवर दार उघडणार नाही. घरची काळजी घे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

वाल्देकुना,
संत पेत्राचा सण

ती. दादास तोदाचा शि. सा. न. वि. वि.

वेर्मुदोची माणसं काल आपल्या गावात शिरली. बैल सोडून नेले, गिरणीत ठाण मांडलं. म्हणतात, किल्ला मिळाला नाही तर उभा गहू पेटवू, आईने लावलेल्या द्राक्षवेली मुळासकट उपटू. गावातल्या बायका पोरं घेऊन माझ्या अंगणात बसल्यात आणि माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी त्यांना काय सांगू?

वेर्मुदो राजाचाच माणूस ना? मग द्वारपाल काय नि सरदार काय! तुझा हट्ट लहानपणापासूनचा, पण तेव्हा त्यापायी फक्त माझं जेवण थंड व्हायचं. किल्ला राजाचा आहे, दादा. जमीन आपली आहे. हात जोडते, दार उघड. मला फार भीती वाटते. चुकलं तर पदरात घे, पण आमच्यावरची सावली काढू नकोस.

तुझी तोदा

नदीपलीकडून,
संत याकोबाच्या सणानंतर

चि. तोदा हिस आशीर्वाद.

मी आता इब्न सईदच्या आसऱ्याला आहे. हे पत्र त्याच्याच माणसाबरोबर पाठवतोय. त्याला पोटभर जेवू घाल, डुकराचं मात्र वाढू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मठाधिपतींना वर बोलावून, साक्षीदारांसमोर, जमिनीतला माझा वाटा तुला दिला. द्रोही ठरल्यावर दिलेलं दान टिकत नाही, म्हणून हे आधी. मग वेर्मुदोकडे किल्ल्या दिल्या. त्याने गाव सोडलं, हे कळलं तेव्हा बरं वाटलं.

आठवडाभराने राजाचा द्वारपाल आला. तह राजाला मान्य होता. किल्ला माझ्याकडेच ठेवायचा होता. वेर्मुदोला आज्ञा कुणी दिलीच नव्हती! पण वेर्मुदो म्हणाला, मी मागितला, याने दिला. शपथ याची होती. खरंच आहे ते. मी शपथ पाळली का ते पाहायला द्वारपालाने रीतीप्रमाणे सर्वांदेखत माझ्याकडे किल्ल्या मागितल्या. मी रिकामे हात पुढे केले. माझ्याबरोबर लढलेला म्हातारा तो, रडत रडत मला द्रोही म्हणाला.

तू स्वतःला दोष देत बसशील, म्हणून सांगतो. मला नियम ठाऊक होता, तरी दार मीच उघडलं. तुझ्या अंगणातल्या पोरांपुढे मला शपथ धरवेना.

आता नीट वाच. द्रोह्याला आसरा देणाऱ्याचीही जमीन जाते. मी कधी गावाकडे आलोच, तर ओळख देऊ नकोस, पाणीसुद्धा देऊ नकोस. लोकांनी मला शिव्या घातल्या तर तूही घाल. लोभ असू दे, पण चारचौघांत दाखवू नकोस.

दादा