वारस म्हणायचीस तू

मोठ्याई, गेल्या महिन्यात भिंगारला एका लग्नात आपल्या गावची एक म्हातारी भेटली. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढेच उभी होती. वळून तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आरं, तू थोरलीचा वारस न्हवं का?" मी साठी ओलांडलेला माणूस, डोक्यावरचे केस गेलेले, सोबत बायको, सून. मला एवढा राग आला की हातातलं रिकामं ताट तसंच ठेवून मी बाहेर मोटारींच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो. बायको धावत मागून आली. तिला वाटलं माझी साखर कमी झाली. तिला काय सांगणार? एक शब्द लागला म्हटलं असतं तर तिनं मला तिथल्या तिथं वेड्यात काढलं असतं. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. फिरायला जातो आणि कोपऱ्यावरूनच परत येतो. तू गेलीस त्यालाही आता चाळीसएक वर्षं होत आली, आणि हा शब्द अजून माझ्या मानेवर बसलेला आहे.

तू माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले गेले, मूलबाळ झालं नव्हतं. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. अलीकडे आम्ही तिघे भाऊ, पलीकडे तू एकटी. गावात तुझा विषय निघाला की लोक म्हणायचे, बाईला ना वाली ना वारस. मग ओसरीवर बैठका झाल्या आणि आम्हा तिघांतला मधला, म्हणजे मी, तुला दत्तक द्यायचा असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळी मुलांना विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो, कारण तुझ्याकडे दुभती म्हैस होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तो दिवस मला नको तेवढा आठवतो. अंगात नवा सदरा आहे, त्याची कॉलर मानेला टोचते आहे. आई माझा हात धरते आणि मला तुझ्या ओटीत बसवते. मी चांगला दहा-अकरा वर्षांचा घोडा, माझे पाय जमिनीला टेकलेले, आणि तुला माझं वजन पेलत नाही म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसत आहेत. तू माझ्या तोंडात साखर घालतेस. मग पंगत बसते. आई वाढायला येते, "आनखी घेतूस का?" विचारते. मी म्हणतो, "नको आई." तेवढ्यात कुणीतरी पाहुणा हसत हसत बोलतो, "आता काकू म्हनायचं बरं का तिला. आई ती तिकडं बसलीय." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तू मान खाली घालून पाटावरची शितं वेचत बसलीस. मी जेवत राहिलो. आईला मी त्या दिवसापासून काकू म्हणू लागलो, पण तुला नुसतं आई म्हणायला जीभ वळली नाही. तू मोठ्याईची मोठ्याईच राहिलीस.

आणि तू? तू मला वारस म्हणू लागलीस. दुकानदाराला, शाळेतल्या मास्तरांना, आठवडेबाजारात भेटलेल्या कुणा अनोळखी बाईलासुद्धा: "हा आमचा वारस." दुसऱ्यांच्या आया कशा सहज बोलायच्या, आमचं पोरगं लई द्वाड हाय, आमच्या लेकाला ताप आलाय. मला ताप आला तरी तू वैद्यांना निरोप धाडलास तो, वारसाला ताप आलाय, असा. पोरं चिडवायची. मी पतंग काटला की, "ए वारसा, इस्टेट घिऊन पळाला बघ." एकदा मी मास्तरांना सरळ विचारलं, वारस म्हणजे काय? मास्तर सुपारी कातरत होते. म्हणाले, "एखादं माणूस मेलं की त्याचं सगळं ज्याला मिळतं, तो वारस."

त्या दिवशी मी घरी आलो तो घाबरूनच. तू चार माणसांत मला वारस म्हणतेस म्हणजे तू मरणार आहेस, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मलाच नाही, असं मी धरून चाललो. तू खोकलीस की मी हातातलं टाकून धावत यायचो. तू चुलीपुढे बसायचीस आणि मी उंबऱ्यात बसून तुझ्या पाठीकडे बघत राहायचो, श्वास चालला आहे ना म्हणून. एकदा तुला ते जाणवलं. "काय बघतूस रं मघापासनं?" मी एकदम रडायला लागलो. "तू मरू नकोस. मला काही नको तुझं." तू एवढी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली. भिंतीवरून काकूला ओरडून सांगितलंस, "ऐकलंस का गं? वारस मला मरू दीना झालाय!" काकू पण हसली. दोघींना इतकं मोकळं हसताना मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही. मला मात्र लाज वाटली, आणि भीती काही गेली नाही.

मग तो दुष्काळ आला. आमच्या, म्हणजे काकूच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. तुझ्या विहिरीत खडकाच्या कपारीत पोहरा बुडेल एवढं पाणी राहायचं. ते तू भिंतीच्या दोन्हीकडे सारखं वाटलंस, तुझ्याबद्दल कुणी दुसरं काही बोललं तर मी ऐकून घेणार नाही. पण पाण्यानं पोट भरत नाही. काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकरी. माझे दोन्ही भाऊ त्या भाकरी तोंड वाकडं करून खायचे आणि मी भिंतीपलीकडे म्हशीच्या उरल्यासुरल्या दुधात भाकरी कुस्करायचो. घास गिळत नसे. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आलोच नाही. तसाच चालत चालत रस्त्याच्या कामावर गेलो आणि काकूच्या शेजारी खडीच्या ढिगाजवळ बसलो. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. हातोडी चालू ठेवली.

मुकादम फिरत फिरत आला. पोरांना कामाजवळ बसू देत नसत, दगडाची कपची डोळ्यात उडते. त्यानं मला विचारलं, "कुनाचा रं तू?" साधा प्रश्न. मी काकूकडे पाहिलं. तिची हातोडी थांबली, पण तिनं मान वर केली नाही. "बाई, तुमचा हाय का?" काकू बोटाची चिंधी पुन्हा गुंडाळू लागली. मला आठवतं, त्या वेळी आजूबाजूच्या साऱ्या हातोड्या एकामागून एक थांबल्या. गावातल्याच बायका, सगळ्यांना सगळं ठाऊक. आणि तेवढ्यात तू आलीस. भर उन्हात, फडक्यात भाकरी बांधून, पदर डोक्यावर घट्ट ओढून. मला वाटलं, आता काकूशी भांडण होणार. बायकांना पण तेच वाटलं असणार, दोघी-तिघी तर उठूनच उभ्या राहिल्या. मुकादमानं तोच प्रश्न तुला केला.

तू म्हणालीस, "वारस माजा हाय. लेक हिचा."

एवढंच. भाकरी काकूपुढे ठेवलीस, "दोघं खावा," म्हणालीस, आणि बाभळीखाली जाऊन बसलीस. मी भाकरीला हात लावला नाही. चार माणसांत तू मला लेक म्हणायचं नाकारलंस, असं मला वाटलं. जिनं जन्म दिला तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, जिनं ओटीत घेतलं ती मला पुन्हा पलीकडे ढकलते, मग मी नक्की कुणाचा? परत येताना मी तुझ्यापुढे ढांगा टाकत चाललो होतो. मला वाटलं, आता बोलणी बसतील. तू मागून एवढंच म्हणालीस, "उन्हाचं टोपी घालून जावं." त्या टोपीचा मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा पुढं आयुष्यात क्वचित कशाचा आला असेल.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू मला शिकवलंस, नगरला ठेवलंस, मी एसटीत लागलो. शेवटच्या दुखण्यात तू मला दोनदा निरोप पाठवलेस, पण रजा मिळून गाडी गाठेपर्यंत उशीर झाला. मी पोचलो तेव्हा तुझी शुद्ध गेली होती. उशाशी बसलेल्या बायकांनी सांगितलं, सकाळपासून एकच विचारत होती: "वारस आला का?" सांगताना त्या एकमेकींकडे पाहत होत्या. जाताना पण बाईचा जीव जमिनीत अडकलाय, असा त्यांच्या बघण्याचा अर्थ. मी पण तोच घेतला. तुझं सगळं यथासांग केलं, पाणी दिलं, दहावं-तेरावं केलं, आणि मनात म्हणत राहिलो की हे तर वारसाचं कामच आहे, मी ते पार पाडतोय.

त्या लग्नानंतर चार दिवसांनी मी इथं गावी आलो. काकू आता नव्वदीला आली आहे, ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी चहाची वाटही पाहिली नाही. विचारलं, "तिनं मला एकदाही लेक का म्हटलं नाही गं?" इतक्या वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं. काकूनं हातातली पाकळी सोलून संपवली, वाटीत टाकली. मग म्हणाली, "मीच म्हनाले हुते तिला."

दत्तक द्यायच्या आदल्या दिवशी तू भिंतीशी आली होतीस म्हणे, उद्या काय काय लागेल ते विचारायला. "मी म्हनलं, बाई, घिऊन जा. तुजं घर चालू दे. पर लेक म्हनू नगंस त्येला. त्यो एक सबुद माज्याकडं ऱ्हाऊ दे. ती म्हनली, बरं." मी विचारलं, मग? काकू म्हणाली, "मग काय? पाळलं तिनं. त्या खडीवर तिनं तसं बोलल्यालं मी ऐकलं न् माजं मलाच कसंतरी झालं. सांगायचं हुतं तिला, की म्हन गं आता, म्या सोडलं. रोज वाटायचं. मी भिंतीपाशी जायची, न् मीठ मागून माघारी यायची. मग ती गेलीच." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. तिच्या डोळ्यांना पाणी होतं, पण लसणाचं का कशाचं ते तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून मी हा असा फिरतोय. मोठ्याई, मी तुझ्यावर चिडलोय. कबूल केलंस ते केलंस, पण घरात दाराला कडी लावल्यावर एकदा म्हटलं असतंस तर कोण ऐकणार होतं? भिंतीला कान नव्हते. काकूवर चिडावं तर ती वाळून एवढीशी झाली आहे, आणि जिनं पोटचा दिला तिनं एक शब्द मागे ठेवला तर तिला काय बोलायचं? आणि तुझ्याकडे काय उरलं होतं? लेक म्हणायचं नाही, मग पोरगंही आलंच त्यात. उरला तो एकच शब्द, तर तू तोच धरलास आणि जन्मभर वापरलास, तापाला, बाजाराला, अगदी जीव जाताना दाराकडे बघत विचारायलासुद्धा. मास्तरांनी सांगितलेला अर्थ तुझ्या डोक्यात कधी नव्हताच. ना वाली ना वारस असं जिला लोक म्हणायचे, तिला कुणीतरी झालं होतं, आणि ते ती सांगत सुटली होती. इतकं साधं होतं. मला ते कळायला सून यावी लागली घरात.

आत्ता काकू समोरच बसली आहे. मी दोन दिवसांसाठी म्हणून आलो होतो, आठवडा झाला. "कवाधरनं लिवतोयस, कुनाला?" असं तिनं दोनदा विचारलं. कुणाला नाही, असं मी दोन्ही वेळा सांगितलं. हे मी तिला वाचून दाखवणार नाही. कागद खिशात राहील, धुण्यात जाईल.

एक मात्र सांगतो, हे बायकोलाही माहीत नाही. लहानपणी सुट्टीच्या दुपारी मी ओसरीवर झोपायचो ना, तो झोपलेला नसायचो. डोळे मिटून पडून राहायचो. मला झोप लागली असं वाटून तरी तू मला लेक म्हणशील, म्हणून कान देऊन असायचो. कितीतरी दुपारी. तू कधीच काही बोलली नाहीस. माझ्या शेजारी बसून पदरानं माश्या वारत असायचीस, मी उठेपर्यंत. माझं सगळं लक्ष कानात होतं, त्यामुळे तो वारा मी कधी जमेतच धरला नाही.