तळ्याकाठचाच किल्ला

सूनबाई,

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, पत्र येऊन तीन महिने झाले, मी त्याला आजपर्यंत उत्तर दिलं नव्हतं. म्हणूनच काल सुट्टीत कोणता किल्ला पाहायचा असं तू विचारलंस, तेव्हा मी डोंगरावरच्या किल्ल्याची एवढी भलामण केली. तळ्याकाठच्या किल्ल्यात दादा पाहुण्यांना माहिती सांगतो. सहा वर्षांपूर्वी वीस-पंचवीस लोकांदेखत मी त्याने सांगितलेलं बांधकामाचं साल खोडून काढलं होतं. घरी येऊन पुस्तकं चाळली, तर तोच बरोबर निघाला. तेव्हापासून त्याला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

त्याने लिहिलंय, "पंडित, निदान चुका काढायला तरी ये. गुडघे कुरकुरतात, येत्या सुट्टीनंतर मी हे काम सोडतोय."

तेव्हा तळ्याकाठचाच किल्ला पाहू. तिथे चढही कमी आहे. मी वाचनालयात बसलोय, समोरासमोर हे सांगणं मला जमलं नसतं. "साल तुझंच खरं होतं आणि शनिवारी आम्ही घरातले पाचही जण येतोय," असं दादाला लिहिलंय. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात माझा विचार बदलला असता. ते पत्र मघाशीच टपालपेटीत टाकलं.