खुर्चीतले फादर

वेरेसोव्का, शनिवार, ९ ऑक्टोबर १९९३

पोचलो एकदाचा! कोकचेतावहून पाच तास जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण दीक्षेनंतरचं पहिलंच गाव आहे, म्हणून तेही गोड वाटलं. ड्रायव्हर ओरिनबाय कझाख आहे, दर पंधरवड्याला इथे कोळसा आणि टपाल टाकतो. वेशीपाशी गाडी हळू करून म्हणाला, "फादर, इथले पोलिश लोक देवाला भीत नाहीत. देवच यांना भिऊन असतो." मी पोट धरून हसलो. मीही याच स्टेपीच्या गवताळ माळावरचा, सोव्हिएत काळात इथे हद्दपार झालेल्या पोलिश आजोबांचा नातू, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अख्खा गाव स्वागताला भाकरी-मीठ घेऊन उभा होता. बीटाचं सार झालं, पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, तीन ताटं झाली, नको म्हणायची सोय नाही. इथली कर्तीसवरती म्हणजे तेक्ला आजी, वय एक्याऐंशी. फादर नव्हते त्या चाळीस वर्षांत पोरांच्या डोक्यावर पाणी हिनेच घातलं आणि मेलेल्यांना मूठमातीही हिनेच दिली. मिस्सेच्या उपासनेत वेदीवर फादरने प्यायचा द्राक्षारस अजून तीच करते, मनुका भिजवून, चुलीमागच्या बरणीत. बरणीला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. अपोलोनिया काकूंनी तर आल्या आल्या टेप काढून माझ्या मानेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. म्हणे लोकांची पापं ऐकताना फादर गळ्यात घालतात तो जांभळा पट्टा नवा शिवायचाय. इतकं कौतुक माझ्या आईनेसुद्धा केलं नसेल.

सोमवार, ११ ऑक्टोबर

चॅपेल म्हणजे जुनं दूध-संकलन केंद्र. वेदीच्या डाव्या बाजूला एक लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर विटका जांभळा पट्टा. फादर योसाफातांचा. ते ५३ साली इथेच वारले. नवे फादर मिळेनात, तेव्हा लोक त्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून पट्ट्याच्या कानात पापं सांगायला लागले. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. केवढी ही श्रद्धा!

जेवताना तेक्ला आजीने विचारलं, "पोरा, तुझ्या पोटात राहतं का रे काही?" मला चेव चढला. सांगितलं की पापनिवेदनात ऐकलेलं आम्ही मान कापली तरी सांगत नाही, आणि त्यावरून आमचं वागणंही तसूभर बदलू देत नाही. वर सेमिनरीतला प्रश्नही सांगितला: उद्याच्या द्राक्षारसात मी विष कालवलंय असं कुणी पापनिवेदनात सांगितलं, तर? उत्तर असं की मुकाट्याने मिस्सा करायची. वर्गात आम्ही यावर फार हसायचो. आजी पहिल्यांदाच प्रसन्न झाली आणि तिने माझ्या ताटात आणखी चार पिएरोगी वाढल्या.

शनिवार, १६ ऑक्टोबर

दोन तास पापनिवेदनाला बसलो. माझ्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. सगळे माझ्या नाकासमोरून खुर्चीकडे गेले, कुजबुजले, डोळे पुसून घरी गेले. एकाने जाताना माझ्या पायाशी थुंकल्यासारखं केलं. मला राग आला, आणि तो मी आजीवर काढला. ती शांतपणे म्हणाली, "जिवंत फादर बदलीवर जातो. जर्मनीला पळतो. दोन घोट पोटात गेले की बरळतो. आम्ही इथे एकमेकांची नावं पोलिसांना दिलेली माणसं आहोत, लेकरा. आमचं ऐकायला न हलणारा लागतो."

मग मला का मागवलंत, असं विचारलं. तर म्हणे पट्टा विटत चाललाय. विटला की खुर्चीला ऐकू येईनासं होतं.

अडाणीपणाला काही सीमा?

शनिवार, २३ ऑक्टोबर

आज मी पट्टा उचलला, माझ्या गळ्यात घातला आणि सरळ त्या खुर्चीत बसलो. पुढे यायला कुणी धजेना. मग आजीनेच सात जणांना रांगेत उभं केलं. "बसलाय ना हौसेने? ऐकू दे."

ऐकलं. काय ऐकलं ते लिहायचं नाही. रात्री जेवलो नाही.

सात जण झाल्यावर आठवा आवाज आला. पुरुषाचा, खोकत खोकत. त्याने पाप असं काही सांगितलंच नाही, म्हणून लिहितो. तो म्हणाला, "माझ्यानंतर जो येईल त्याला एवढंच सांगतो, की..." आणि थांबला. वळून पाहिलं तर शेजारी कुणी नाही. बाहेर ताज्या बर्फात पायखुणा सातांच्याच होत्या.

शनिवार, ३० ऑक्टोबर

पुन्हा सात. पुन्हा आठवा, आणि आज त्याच्यामागून नववा, जरा तरुण. दोघांचं वाक्य तेच, तुटतं तिथेच. नवव्याच्या तोंडाला मनुकांचा वास होता. तोंड नव्हतं, पण वास होता.

पट्ट्याचं अस्तर उसवून पाहिलं. आत टाचलंय: योसाफात, १९५३. गेदीमिन, १९७१. या दुसऱ्या फादरांबद्दल मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. आजीला विचारलं. म्हणाली, "तोही चांगला होता. राहिला इथेच."

मंगळवार, २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

भर दुपारी कबरस्तानात गेलो. योसाफात, शेजारी गेदीमिन. त्यांच्या शेजारची जागा बर्फ ओढून साफ केलेली, कडेने दोरी लावलेली. जमीन गोठण्याआधी खणून ठेवावी लागते, असं अपोलोनिया काकू म्हणाल्या. कुणासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही. मला भीती वाटते. इथे तरी खरं लिहितो.

बिशपना पत्र लिहायला बसलो. बदली हवी — कारण काय देऊ? जे कारण आहे ते मी शनिवारी त्या खुर्चीतच ऐकलंय.

पत्र फाडलं.

शनिवार, ६ नोव्हेंबर

कुणीच आलं नाही. फक्त ते दोघे. आता वेदीपाशी उभा असलो तरी ऐकू येतात. मी ओरडलो — पुढे बोला, काय सांगायचंय ते सांगा! गप्प. ऐकलेलं सांगायची त्यांनाही बंदी आहे. मेल्यावरही सुटलेली नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

एकच व्यक्ती आली. बराच वेळ गुडघ्यावर होती. उठताना माझा हात धरावा लागला.

सेमिनरीतला तो द्राक्षारसाचा प्रश्न आठवला. का, ते लिहिणार नाही.

वर्गात कोण कोण हसलं होतं, ते आठवत बसलोय —

पश्चात्ताप नव्हता, म्हणून क्षमाही दिली नाही. पण बंदी ती बंदीच — क्षमा दिली काय, न दिली काय —

रविवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

ओरिनबाय आलाय. माझा चेहरा पाहून म्हणाला, फादर, बसा गाडीत, काही विचारत नाही. मी म्हटलं, मिस्सा आहे. मिस्सेनंतर बसा म्हणाला. मी हसलो — त्याला वाटलं बरा आहे.

मिस्सा टाळली तर ऐकलेल्यावरून वागलो. आजारी आहे म्हटलं तर तेच. बरणी हातातून पडली तर —

तेच.

सत्तावीस वर्षांचा आहे मी. आईला पत्र राहिलं.

खुर्चीवर नवा पट्टा पसरलाय. माझ्या मापाचा. अस्तर पाहिलं नाही.

दार वाजलं. तेक्ला आजी. आजवर पोरा, लेकरा म्हणायची. आज म्हणाली, "फादर, चला ना. सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी."

ते दोघे माझ्या मागे उभे आहेत. मनुकांचा वास —

जातो. पण ही वही इथे राहील, कुणीतरी उघडेल. माझ्यानंतर जो येईल त्याला एवढंच सांगतो, की