लुगड्यांचा मांडव

जुनी इंदूर,
१२ एप्रिल १९५१

प्रिय दादा,

"तुझं लग्न आता तूच कर," असं तू म्हणाला होतास. दारात उभा होतास, एक जोडा पायात आणि दुसरा हातात. माणूस रागात बोलतो ते कुणी खरं करायचं नसतं, असं आई त्या दिवसापासून मला सांगत आली आहे. मी मात्र ते खरं केलं. माझं लग्न ठरलं आहे, ते मीच ठरवलं आहे, आणि दिवाळीपासून ते मीच करते आहे. मांडव, फराळ, गुरुजी, सनई, सगळं. आईच्या नावानं कार्ड तुला ग्वाल्हेरला पोचलं असेल. मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या मुलींनी सुंदर अक्षरात ती कार्डं लिहून दिली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट आहे. तारीख, वेळ, ठिकाण त्यावर आहे. बाकीचं कार्डावर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हे वेगळं पत्र.

आधी नवरदेवाचं सांगते. लग्न झाल्यावर नाव घ्यायला उखाणा लागेल, तोवर सरळ घेऊन टाकते: पांडुरंग. स्टेशनावर पार्सल ऑफिसात आहेत. वडील खानदेशातून इथल्या गिरणीत मुकादम म्हणून आले आणि इथलेच झाले. तू पहिल्यांदा घराणं विचारशील, आणि तिथं माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. त्यांच्या घरात तलवार नाही, सनद नाही, कुणी पागेत नव्हतं, कुणी दरबारात नव्हतं. माणूस कमी बोलतो. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आईनं विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?" तर म्हणाले, "वेळेवर आलेली गाडी." आई इतकी हसली की पदर तोंडाला लावून आत गेली. आबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझं मन तिथंच ठरलं म्हटलं तरी चालेल.

आम्ही दोघांनी पहिल्याच भेटीत एक ठरवलं. हुंडा नाही, आणि कर्जही नाही. दोघांच्या पगारातून जे मागे पडलं आहे तेवढ्यातच लग्न. ते म्हणाले, "मग काय काय नसेल ते आधी ठरवू." मी म्हटलं, "नाही, काय असेल ते आधी ठरवू." नसेल ते ठरवायला बसलं की लग्न दरिद्री दिसतं, असेल ते नीट ठरवलं की नसलेल्याची कुणाला आठवण होत नाही. हे मी आत्याच्या लग्नात शिकले. आठवतं? दरबारातून हत्ती आला होता, आणि पंगतीत मीठ वाढायचं राहून गेलं होतं. तू आणि मी पाण्याची तांब्याभांडी घेऊन पळत होतो, आणि सगळे पाहुणे मीठ-मीठ करत होते. आबा वर्षभर त्या हत्तीचं कौतुक सांगायचे आणि पाहुणे वर्षभर मिठाचं सांगायचे.

तेव्हा मी ठरवलं: मुहूर्त सकाळचा. सकाळचा मुहूर्त असला की पंगत लागत नाही, फराळ पुरतो. आणि इंदुरात सकाळी फराळ म्हणजे काय, हे तुला ग्वाल्हेरला राहून विसरायला झालं नसेल. मल्हारगंजातल्या हलवायाकडे गेले आणि पोहे-जिलेबीचं सांगितलं, तर तो कढईवरून मान वर न करता म्हणाला, "बेनजी, ब्याह में पोहा? बराती आपको कुछ नहीं कहेंगे, मारेंगे मेरेको." मी म्हटलं, पोहे असे करा की मारायला हात रिकामा राहायला नको. मग तो खुलला. वरून शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू, बडीशेप किती, हे मला विचारायच्या ऐवजी तोच मला सांगायला लागला. पोहे पोटभर, जिलेबी बेताची, साखर मिळते तेवढ्यातली. आई अजून कुरकुरते आहे, पण परवा शेजारणीला "आमच्याकडे नव्या पद्धतीचं आहे" असं सांगताना मी तिला ऐकलं.

साडी महेश्वरी घेतली. शालू पाहिला, हातात धरला आणि ठेवून दिला. शालू एकदा नेसायचा आणि जन्मभर पेटीत राखायचा. मला शाळेत नेसून जाता येईल अशी लग्नाची साडी हवी होती. डाळिंबी रंग, काठ बारीक. मुंडावळ्या मोगऱ्याच्या, त्या दिवसांत मोगरा मुबलक असतो. लग्न माझ्या शाळेच्या अंगणात आहे, तुकोगंजात. सुट्टी लागलेली असेल, आणि मोठ्या बाईंनी आपणहून विचारलं. बसायला शाळेचीच बाकं. हे ऐकून नानासाहेबकाका खास उठून घरी आले. "आबाच्या लेकीच्या लग्नात लोक बाकांवर बसणार? मग हजेरी पण घेणार का गं?" मी म्हटलं, "घेणार ना काका. गैरहजर राहतील त्यांना अंगठे धरून उभं करणार." काका हसले नाहीत. चहा मात्र दोन कप प्यायले, आणि जाताना आईला म्हणाले, "पोरीची जीभ अजून तशीच आहे."

ती कुठून आली, ते त्यांना कुठं ठाऊक! मला इंग्रजी शाळेत घालावं म्हणून आबांशी भांडलेला तूच होतास. मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून ऐकत होते. "मुलीला शिकवून करायचंय काय?" असं आबा म्हणाले, आणि तू म्हणालास, "तिला काय हवं ते तिला सांगता येईल." पुढे धारचे पाहुणे मला बघायला आले, त्यांनी हुंड्याचा आकडा सांगितला, आणि तू तो मान्य करून आईचे सोन्याचे गोठ आणि हे घर मनातल्या मनात गहाण टाकत होतास, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की मला हे लग्न नको. तुझा शब्द गेला, हे मला तेव्हाही कळत होतं. चारचौघांत तुझी मान खाली गेली, याचं मला वाईट वाटतं. पण मी बोलले ते चुकलं, असं मला आजही वाटत नाही, आणि तुझ्याशी खोटं लिहायचं नाही म्हणून तसं लिहीत नाही. मला बोलायला शिकवलंस, आणि पहिल्यांदा बोलले ते तुझ्याचसमोर. एवढंच झालं.

मांडवाचं राहिलं. त्यात मात्र मी पुरती फसले. मांडववाल्याकडे गेले, तर त्यानं तारीख ऐकूनच कपाळाला हात लावला. "बेनजी, उस हफ्ते एक दरी नहीं मिलेगी. ग्वालियर से सरकार आ रही है, कनातें-कुर्सियाँ सब उठ गईं. दस दिन आगे-पीछे कर लो ना." मी म्हटलं, आगे-पीछे नहीं होगा. "तो फिर सरकार को बोल दो, वोच रुक जाएगी दस दिन!" असं म्हणून तो दुकानातल्या सगळ्यांकडे बघून हसला. टांगेही त्या आठवड्यात महाग, हातगाड्याही महाग. तुम्ही सचिवालयातले लोक दर सहा महिन्यांनी कपाटंबिपाटं घेऊन राजधानी ग्वाल्हेरहून इंदुरात आणि इंदुरातून ग्वाल्हेरला हलवता, त्यात आमच्या गरिबाच्या लग्नांची काय दशा होते ते सरकारला कुणीतरी सांगायला पाहिजे. तू सांग.

घरी येऊन मी पायरीवर बसून राहिले. शेजारच्या जनाबाई दळण घेऊन चालल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कापडच हवं ना? अगं, नऊ वार कापड तर आम्ही रोज अंगाला गुंडाळतो." आणि मग आळीभर फिरून त्यांनीच लुगडी गोळा केली. एकीचं जांभळं, एकीचं अंजिरी, कुणाचं नुसतं काठाला धड. जनाबाई स्वतःचं देताना म्हणाल्या, "हे मांडवाला गेलं की मला नेसायला राहत नाही. म्हणजे लग्नाला यायलाच नको, आहेरही वाचला!" गेल्या रविवारी आम्ही शाळेच्या अंगणात बांधून पाहिला. काठाला काठ जोडून, कडुनिंबापासून व्हरांड्याच्या खांबांपर्यंत. दादा, ऊन त्यातून खाली उतरतं तेव्हा फरशीवर रंगांचे पट्टे पडतात. कनाती मिळाल्या असत्या तर मला हे सुचलंही नसतं.

एक जागा मधोमध उघडी राहत होती, बोहल्याच्या बरोबर वर. आई घरी गेली आणि पेटीतून आपलं हिरवं इरकली लुगडं घेऊन आली. आबा गेल्यापासून ते पेटीतच होतं. म्हणाली, "मला नेसता येत नाही. पण वर बांधायला कोण नको म्हणतं?" नानासाहेबकाकांच्या काकू तिथंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो आनंदीबाई, विधवेचं लुगडं बोहल्यावर?" आईनं ते परत घडी करायला घेतलं. तेव्हा जनाबाई बाकावर चढून गाठ मारत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "लुगड्याला कुठं नवरा असतो हो?" आणि आईच्या हातातून ते ओढून घेतलं. आता ते तिथंच असणार आहे, माझ्या डोक्यावर.

तर असं सगळं जमत आलं आहे. काळजीचं काही नाही. आईला मी इथंच, माझ्याबरोबर ठेवणार. नवं बिऱ्हाड चार घरं सोडून पाहिलं आहे. तुझ्या मनीऑर्डरी वेळेवर येतात. कुपनावर तू "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार" एवढंच लिहितोस, ते मी तिला वाचून दाखवते, दर वेळी. उन्हाळ्यात तुझं बिऱ्हाड तुकोगंजात आलं की आई चिवड्याचा डबा घेऊन टांग्यानं तुमच्याकडे येते. परत आल्यावर मला सांगत काही नाही, नुसती मोठ्यानं देवाशी बोलते: "माझा संताजी वाळलाय रे देवा. रमा सूनबाईचा खोकला काही जात नाही." मी स्वयंपाकघरातून ऐकते. तू मात्र या घरी सात वर्षांत आला नाहीस. गेल्या ज्येष्ठात शाळा उघडली त्या आठवड्यात मी फाटकातून बाहेर पडत होते, आणि तू समोरून सायकलवर आलास. मला पाहून उतरलास आणि खाली वाकून साखळी बघत बसलास. साखळी ठीक होती, दादा. मी पुढे निघून गेले, कारण तुला तिथं फार वेळ वाकून राहावं लागलं असतं.

आता तारखेचं सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. गुरुजींनी फाल्गुनातला मुहूर्त काढून दिला होता, आणि तो उत्तम होता. मांडव अर्ध्या भाड्यात मिळत होता, ऊनही नव्हतं. मी वैशाख म्हणून हटून बसले. "वैशाखात काय मेलं सोनं पिकतं?" असं आईनं विचारलं, तर मी शाळेच्या सुट्टीचं कारण सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच. एवढ्या काटकसरीच्या लग्नात मी एकच उधळपट्टी केली, ती या तारखेची. फाल्गुनात तू ग्वाल्हेरला असतोस, आणि तिथून "रजा मिळत नाही" असं लिहिणं फार सोपं आहे. मला तुला एवढं लांब राहू द्यायचं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण पार्सल ऑफिसातल्या माणसाला न सांगताही कळलं. परवा पांडुरंग आले आणि उठता उठता म्हणाले, "सचिवालयाची स्पेशल मंगळवारी लागते. लग्न शुक्रवारी आहे. तेवढ्यात माणसाचं बिऱ्हाड लागून होतं." मग टोपी घातली आणि गेले. तू मंगळवारी उतरशील तेव्हा ते फलाटावर ड्यूटीवर असतील. ओळख दाखवू नकोस, त्यांची अपेक्षा नाही. पण शुक्रवारी नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. बहिणीला नीट वागव म्हणून बजावायला. देवासचा मामेभाऊ लक्ष्मण तयार आहे. त्यानं फेट्याचा रंगही सांगून ठेवला आहे. तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. वहिनीला पाठवशील, मुलांना पाठवशील, आईच्या हाती आहेर देशील आणि कचेरीत फाइल घेऊन बसशील. तरी मागते आहे. मुहूर्ताला येऊ नकोस, फराळाला थांबू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, वाटलं तर सायकल फाटकाबाहेर तशीच उभी ठेव. फक्त आत येऊन त्यांचा कान तू पीळ, आणि चांगला जोरात पीळ.

तुझीच धाकटी,
सुलू