बस वळण्याची जागा

मी, भाऊराव धाकू तळवडेकर, वय ६९, मिलमधला निवृत्त फिटर, राहणार टेकडीवरची वस्ती, जोगेश्वरी (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. लिहिण्यास कोणी भाग पाडलेले नाही, उलट मुलगा नंदू "आत्ताच कशाला, बाबा?" म्हणून अडवीत होता. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते नंदू व मुलगी सुलक्षणा यांना निम्मे-निम्मे. लग्न झाले म्हणून ती परकी, असे कोणी म्हणू नये. आईचे दुखणे तिनेच काढले.

२. पोस्टातली शिल्लक सुलक्षणेस.

३. माझी सर्व हत्यारे शेजारी लहू पेडणेकर यास. १९८३ साली मी माझा ओटा फोडला तेव्हा बाकीचे हसत होते, तो पहार घेऊन आला. ओटा का फोडला ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही.

वस्तीपासून स्टेशन पाऊण तासाची चाल, तीही चढउताराची. बससाठी मी सहा वर्षे अर्ज केले. शेवटी एक साहेब येऊन म्हणाले, "रस्ता ठीक आहे हो, पण बस वळवणार कुठे?" मी ओटा आणि कुंपण पाडून पुढचे अंगण मोकळे केले. मार्च ८४ मध्ये बस आली. माझी पत्नी कृष्णाबाई गुडघ्यांनी अधू. सात महिने ती बसने एकटी बाजारात गेली. पिशवी खाली ठेवून सांगायची, "आज बांगडो ताजो गावलो."

मग नंदूने जुनी फियाट घेतली आणि "आठच दिवस लावतो" म्हणून त्या अंगणात लावली. त्याचे पाहून आणखी तिघांनी लावल्या. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन विनवले. ड्रायव्हर बस मागेपुढे करून थकला आणि फेरी बंद झाली. कृष्णाबाई त्यानंतर टेकडी उतरली ती ८६ साली, चौघांच्या खांद्यावरून.

नंदूचे म्हणणेही लिहितो. "बाबा, दिवसाला सहाच फेऱ्या होत्या. सकाळची चुकली की माझा खाडा. दर दहा मिनिटांनी बस असती तर मी कशाला गाडीच्या नादाला लागलो असतो?" हे खोटे नाही, म्हणून जास्त चीड येते. साहेब म्हणत, माणसे चढत नाहीत म्हणून फेऱ्या वाढवत नाही. माणसे म्हणत, फेऱ्या नाहीत म्हणून गाडी घेतो. या दोघांच्या मध्ये माझी बायको घरात बसून राहिली.

४. पुढचे अंगण मुलांपैकी कोणासही नाही. ते बस वळवण्याकरिता वस्तीच्या मंडळास कायमचे दिले आहे. तेथे कोणाचेही खासगी वाहन उभे राहू नये. नंदू आपली गाडी तेथून काढीपर्यंत घरातला त्याचा हिस्सा सुलक्षणेच्या ताब्यात राहील.

काल हा कागद नंदूला वाचून दाखवला. कागद हातात घेऊन कलम चार त्याने स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "गाडी उद्या काढतो. पण बस परत येईल असं तुम्हाला कोणी लिहून दिलंय?"

कोणी दिलेले नाही. कलम चार तसेच ठेवले आहे.

सही: भा. धा. तळवडेकर

आमच्या समक्ष वाचून सही केली:
१. श्यामसुंदर वि. राऊळ, शिक्षक
२. गुणाजी रा. मेस्त्री, सुतार

जोगेश्वरी (पूर्व), ११ फेब्रुवारी १९८८